शॅमॉयची काडी आणि ९९ टक्के आयपीए : व्हीसीआरच्या हेडवर आठ महिने वापरल्यावर

व्हीसीआरचं हेड, म्हणजे टेपवरून चित्र वाचणारं टोक, शॅमॉयच्या (मऊ चामड्याच्या) काडीने आणि आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) साफ करण्याचा, पावसाळ्याच्या सुरुवातीपासून माघापर्यंतचा हा अनुभव. यंत्रं दोन : दोन हेडचा साधा पाल (आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीचा) व्हीसीपी, म्हणजे नुसतं कॅसेट दाखवणारं यंत्र, आणि चार हेडचा हाय-फाय व्हीसीआर. कॅसेटी इंदूरच्या मराठी घरांत सापडतात तशाच, म्हणजे लग्नं, मुंजी, रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक. त्यातल्या बऱ्याचशा लोखंडी कपाटात आडव्या पडून राहिलेल्या. काडीबद्दल तक्रार नाही, काम चोख करते. तक्रार असलीच तर ती हेड साफ केलं की काम संपलं या समजुतीबद्दल आहे. आठ महिन्यांत हेड जितक्या वेळा बंद झालं, तितक्या वेळा घाण दुसरीकडून आली होती.

आधी रोग ओळखा. चित्रावर मुंग्या आणि आवाज मात्र स्वच्छ, तर व्हिडिओ हेड. दोन हेडच्या यंत्रात एकच हेड बंद असेल तर चित्र दिसतं, पण त्यावर मुंग्यांचा पडदा थरथरत राहतो, कारण ड्रमच्या, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्याच्या, एका फेरीत प्रत्येक हेड अर्धं चित्र वाचतं. मुंग्यांचा पट्टा फक्त वर किंवा खाली असेल तर हेडला दोष देऊ नका, ते टेपच्या वाटेचं किंवा ट्रॅकिंगचं (हेड टेपवरच्या रेघांवर नेमकं बसवण्याचं) प्रकरण आहे. आवाज दबका येत असेल तर बाहेरचं ऑडिओ-कंट्रोल हेड मळलंय. त्याच हेडच्या खालच्या बाजूला कंट्रोल ट्रॅक, म्हणजे टेपचा वेग सांभाळणारी खुणांची पट्टी, वाचला जातो, म्हणून ते मळलं की वेगही डळमळतो. आणि झाकण उघडण्यापूर्वी दुसरी, चांगली कॅसेट लावून बघाच. निम्म्या वेळा टेपच खराब निघते.

एवढ्याशा मळाने चित्र का जातं, हे आकड्यांत समजून घेण्यासारखं आहे. पालमध्ये ६२ मिलिमीटरचा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. टेप सरकते सेकंदाला जेमतेम अडीच सेंटीमीटरहून कमी, पण हेड तिच्यावरून सेकंदाला साधारण ४.८ मीटर वेगाने जातं. ४.८ मेगाहर्ट्झचा सिग्नल टेपवर उतरतो तो सुमारे एक मायक्रॉनच्या तरंगलांबीने. हेड आणि टेप यांच्यात पाव मायक्रॉनचा थर आला की १३ डेसिबलहून जास्त घट, म्हणजे सिग्नल जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर. हा थर डोळ्यांना दिसत नाही. ‘ड्रम तर चकचकीत आहे’ या वाक्याला म्हणूनच काही अर्थ नाही.

आता कृती. प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. स्विचिंग सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून जास्त दाब साठतो, तेव्हा अर्धा तास थांबा आणि तरीही त्या कोपऱ्यात हात घालू नका. आत कॅसेट नको. वरचं झाकण काढल्यावर चकचकीत ड्रम दिसेल. त्याचा वरचा भाग फिरतो, खालचा स्थिर असतो, आणि फिरत्या भागाच्या खालच्या कडेला बारीक खिडक्यांत हेडची टोकं असतात. काही यंत्रांत ड्रमच्या माथ्यावर मधोमध एक धातूची पट्टी टेकलेली असते, ती अर्थिंगची. वाकवू नका.

काडीच्या चामड्यावर आयपीएचे तीन-चार थेंब पुरे. चामडं ओलं हवं, गळतं नको. ते ड्रमच्या बाजूला सपाट टेकवा. जोर द्यायचा नाही, फक्त स्पर्श. काडीचा हात स्थिर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने माथ्यावरून ड्रम सावकाश आठ-दहा फेरे फिरवायचा. हेड चामड्याखालून जाताना बोटाला हलकीशी टिक जाणवते. काडी वर-खाली अजिबात नाही. हेडची फेराइटची टोकं ड्रमच्या बाहेर काही दहा मायक्रॉनच डोकावतात, आणि ती काचेसारखी ठिसूळ असतात. आडव्या घासण्याची त्यांना सवय आहे, उभा धक्का बसला की टवका उडतो आणि मग ड्रमच बदलावा लागतो. कानात घालायच्या कापसाच्या काडीचा धोकाही हाच : तंतू टोकात अडकतो आणि ओढला जातो. चामड्यावर तपकिरी-काळी रेघ उमटली की स्वच्छ बाजू घ्या, रेघ उमटेनाशी होईपर्यंत पुन्हा. बहुतेक वेळा दोन बाजू पुरल्या.

मग पंधरा मिनिटं सुकू द्या, पावसाळ्यात अर्धा तास. ओल्या ड्रमला टेप चिकटली तर गुंडाळा होतो.

खालच्या, स्थिर ड्रमवर एक तिरकी पायरी असते, तिच्यावर टेपची खालची कड टेकून चालते. तिथे साचलेली भुकटी टेपला किंचित उचलते आणि ट्रॅकिंग कितीही फिरवा, जमत नाही. इथे कापसाची काडी चालते, फक्त हेडच्या खिडक्या पलीकडे फिरवून ठेवा. इरेज (पुसणारं) हेड, ऑडिओ-कंट्रोल हेड, टेपला वाट दाखवणारे गाइडचे खांब, टेप ओढणारा कॅपस्टनचा दांडा यांनाही कापूस आणि आयपीए चालतं. टेप दांड्यावर दाबणाऱ्या रबरी पिंच रोलरला मात्र साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं आणि मग कोरडं फडकं. रबराला वारंवार अल्कोहोल लावलं तर ते कडक होतं, घसरतं आणि टेप चावू लागतं. गाइडच्या माथ्यावरचे स्क्रू ‘जरा घट्ट करू’ म्हणून फिरवू नयेत. ती उंची कारखान्यात लावलेली असते.

द्रवाबद्दल. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तेच आयपीए, इंदूरच्या जेल रोडला सहज मिळतं. बाटलीवर ९९ टक्के लिहिलेलं बघून घ्या. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी असतं आणि बहुधा ग्लिसरीनही, ते हेडवर राहतं. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन प्लास्टिक खातं. जुने मेकॅनिक सीटीसीची आठवण काढतात. ते कार्बन टेट्राक्लोराइड, यकृताला घातक आणि ओझोनच्या करारामुळे बंद झालेलं, कुठे जुनी बाटली दिसली तरी घेऊ नका. आयपीए पेट घेतं, तेव्हा देवघराच्या शेजारी हे काम नको.

काड्यांत एक खोट आढळली. स्वस्त पाकिटातल्या काहींचं चामडं नुसतं चिकटवलेलं असतं, तो गोंद अल्कोहोलने सुटतो आणि ड्रमवर जातो. पहिली काडी आधी दहा मिनिटं आयपीएत बुडवून तपासा. खऱ्या शॅमॉयचा तुकडा कुल्फीच्या काडीवर दुमडून दोऱ्याने बांधला तरी काम तेवढंच होतं. गाडी पुसायचं ‘शॅमॉय’ बहुधा कृत्रिम असतं, ते नको.

आता मूळ दुखण्याकडे. व्हीसीआर साफ केला की दोन-तीन कॅसेटींनंतर पुन्हा मुंग्या, असं चाललं होतं. दोषी निघाला यंत्रातलाच स्वयंचलित क्लीनर : ड्रमला क्षणभर टेकणारा स्पंजचा छोटा रोलर. तीसेक वर्षांत असा स्पंज चिकट होऊन झडतो आणि जे पुसायचं तेच माखतो. रोलर काढून टाकला, यंत्राचं काही अडलं नाही. व्हीसीपीत असा रोलर नव्हताच, तिथे घाण कॅसेटीतून येत होती. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुरी दिसली तर ती बुरशी आहे. ती कॅसेट लावली की हेड तर जातंच, पण पुढच्या प्रत्येक कॅसेटला प्रसाद मिळतो. तसल्या कॅसेटी वेगळ्या ठेवल्यापासून व्हीसीपीला काडी लावावी लागली नाही. श्रावण-भाद्रपदात कॅसेट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत उभी ठेवा.

क्लीनिंग कॅसेटला सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. ओल्या प्रकारची, सांगितले तेवढेच थेंब टाकून, हलक्या मळाला पुरते. कोरडी म्हणजे बारीक पॉलिश पेपरच, दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त चालवली तर हेडची झीज होते. दोन्हींनी ती खालची पायरी धड साफ होत नाही. आणि ‘दर महिन्याला एकदा’ हा नेम मोडा. मुंग्या नसतील तर हेडला हात लावू नये.

सफाईनंतरही उजळ कडांच्या मागे काळ्या-पांढऱ्या शेपट्या ओढल्या जात असतील तर हेड झिजलंय, तिथे काडीचा उपयोग नाही. नवा ड्रम मिळणं अवघड, व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, फुनाईने, २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवल्यापासून नवं यंत्रही बनत नाही. तेव्हा सुट्या भागांसाठी भंगारातून दुसरा व्हीसीआर घेताना आपली कॅसेट सोबत न्या, दुकानातच पाच मिनिटं लावून बघा आणि आधी त्या स्पंजच्या रोलरकडे नजर टाका.