विम्बल्डनचा पंधरवडा: अख्खे घर द्यावे की एक खोली?

लंडनमध्ये साउथफील्ड्स, विम्बल्डन पार्क किंवा विम्बल्डन व्हिलेजच्या बाजूला घर असेल, तर जूनअखेर सुरू होणाऱ्या टेनिसच्या पंधरवड्यात ते भाड्याने द्यावे का, हा विषय घरात एकदा तरी निघतोच. वाटा दोन. अख्खे घर रिकामे करून द्यायचे, नाहीतर घरात राहून एक खोली द्यायची. भाड्याचा आकडा ऐकला की पहिलीकडे मन झुकते. पण त्या दोन आठवड्यांत तुम्ही जाणार कुठे, हे आधी ठरवा.

स्पर्धा संपते तेव्हाही इंग्लंडमधल्या बहुतेक शाळा सुरूच असतात. सत्र चालू असताना मुलांना घेऊन भारतात गेलात, तर दंडाची नोटीस येऊ शकते. त्यातून आपल्याकडे आईवडील व्हिजिटर व्हिसावर येतात तेही याच दिवसांत. सासूसासऱ्यांना घेऊन मित्राच्या चिमुकल्या बॉक्स रूममध्ये पंधरा दिवस काढायचे असतील, तर भाडे कितीही मिळो, मला तो सौदा पटत नाही. मुले नसलेल्या किंवा मुले मोठी होऊन बाहेर पडलेल्या जोडप्याला मात्र अख्खे घर देणे सोयीचे.

अख्खे घर घेणारे मुख्यतः खेळाडू, त्यांचे प्रशिक्षक, फिजिओ आणि टीव्हीवाले. त्यांना कोर्टापर्यंत चालत जाता येईल असे घर हवे असते. थोड्या लांबच्या टूटिंगमधल्या फ्लॅटला त्यांच्यात गिऱ्हाईक मिळेल, अशी आशा धरू नका. एकेरीत पुरुष १२८ आणि महिला १२८. पहिल्याच फेरीत त्यातले निम्मे घरी जातात. म्हणून करारात स्पष्ट लिहून घ्या: खेळाडू हरला तरी ठरलेल्या मुदतीचे पूर्ण भाडे द्यावे लागेल. काहीजण आठवड्याच्या बोलीवर घर मागतात. तसे मान्य केले, तर दुसरा आठवडा रिकामा जाण्याची जोखीम तुमची. देवघर, दागिने, कागदपत्रे एका खोलीत ठेवून कुलूप लावायचे, आणि ती खोली भाड्यात धरलेली नाही हेही करारात घालायचे.

खोली घेणारा असतो टेनिसवेडा. तो एखाददोन रात्रींसाठी येतो, पहाटे तिकिटाच्या रांगेत उभे राहायला विम्बल्डन पार्क गाठतो आणि दिवसभर घरात नसतो. सेंटर कोर्टवरचा सामना रात्री ११ पर्यंत लांबू शकतो, म्हणून किल्ली त्याच्याकडे द्यावीच लागते. त्रास आहे तो दर दोन दिवसांनी चादरी बदलण्याचा आणि सकाळच्या बाथरूमचा. पैसे कमी, पण घर आपल्या डोळ्यांसमोर. शिवाय डिस्ट्रिक्ट लाइन या मेट्रोमार्गावर थोडे लांब असलात तरी या पाहुण्याचे काही अडत नाही.

कायद्याचे म्हणाल, तर ग्रेटर लंडनमध्ये नियोजन परवानगी न घेता अख्खे घर वर्षाला ९० रात्रींपर्यंत देता येते. पंधरवडा त्यात सहज बसतो. खरा अडसर असतो लीजचा, म्हणजे फ्लॅटच्या दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याचा. फ्लॅट ‘खाजगी निवासासाठीच’ वापरावा असे कलम असेल, तर तो काही दिवसांसाठी पाहुण्यांना देणे हा त्या कलमाचा भंग ठरू शकतो. २०१६ मध्ये एका लंडनच्याच फ्लॅटबाबत अपर ट्रायब्युनल या अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने तसा निकाल दिला आहे. मॉर्गेज देणारी बँक आणि विमा कंपनी यांनाही आधी विचारा, खोली देणार असलात तरी.

करात दोन्ही वाटांना सवलत सारखीच. राहत्या घरातली फर्निचरसह जागा दिल्यास ‘रेंट अ रूम’ योजनेखाली वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतची जमा करमुक्त. हे भाडे नवराबायको दोघांना मिळत असेल, तर प्रत्येकी ३,७५०. मालकाने त्या काळात घरात राहिलेच पाहिजे, अशी अट सरकारने सुचवली होती, पण २०१८ मध्ये मागे घेतली. म्हणजे घर सोडून गेलात तरी सवलत मिळू शकते. मात्र खोलीच्या भाड्यातून ही मर्यादा ओलांडणे अवघड. व्हिलेजमधले मोठे घर दिले, तर ती ओलांडली जाऊ शकते आणि मग विवरणपत्र भरणे आलेच.

माझे मत विचाराल, तर कोर्टापासून चालत अंतरावर स्वतःचे फ्रीहोल्ड (जमिनीसह पूर्ण मालकीचे) घर आणि राहायला दुसरी जागा, या दोन्ही गोष्टी असतील तरच अख्खे घर द्या. यातली एक जरी नसेल, तर खोलीच बरी, आणि तीही दोन रात्रींपेक्षा कमी कोणालाही नको.