मझल ब्रेक घ्यावा का? दोन प्रकार वापरून पाहिले, माझं मत

मागच्या वर्षी मक्याला कणसं धरली आणि रानडुकरांनी दोन रात्रींत अर्धा एकर आडवा केला. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला ज्यांची शेती आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. केळीच्या कांदेबागेतही तेच, कंद उकरून झाडच पाडतात. माझ्याकडे वडिलांकडून वारसानं आलेली .३१५ ची रायफल आहे, पीक संरक्षणाच्या परवान्यावर. वनविभागाची लेखी परवानगी हातात पडल्यावर मी आणि माझा सालदार माळ्यावर बसलो. तीन बार काढले. सकाळी माझा खांदा जांभळा पडलेला आणि सालदार म्हणतो, "आप्पा, मन्हा कानमा शिट्टी वाजी ऱ्हायनी."

त्याची शिट्टी तेव्हा मी मनावर घेतली नाही. मला माझा खांदा दिसत होता. त्यातून मझल ब्रेकचा, म्हणजे नळीच्या तोंडावर बसवून धक्का कमी करणाऱ्या तुकड्याचा, शोध सुरू झाला आणि पुढचे सहा महिने दुसरं काही डोक्यात नव्हतं.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हौसेची शिकार बंद आहे, त्यामुळे असल्या वस्तू हातात घेऊन पाहायची सोय नाही. माझा पुतण्या टेक्सासला आहे. तिथं रानडुकरं इतकी माजली आहेत की खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीनं ती बारा महिने मारता येतात. डिसेंबरात त्याच्याकडे महिनाभर होतो. तिथं पाहुणा म्हणून व्हिसावर गेलेल्याला बंदूक हातात घ्यायची तर आधी हंटिंग लायसन्स असावं लागतं. ते काढलं, मग नेमबाजीच्या रेंजवर गेलो. त्याची .३०८ ची रायफल, दोन ब्रेक आणि चाळीस काडतुसं. हा रिव्ह्यू त्या दिवसाचा आणि नंतर घरी आल्यावर काय ठरवलं त्याचा.

ब्रेक म्हणजे नळीच्या तोंडावर आट्यांनी बसवायचा पोलादी तुकडा. अंगठ्यापेक्षा थोडा लांब, शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. गोळी नळीतून सुटली की तिच्या मागोमाग जळालेल्या दारूचा वायू सुटतो आणि रॉकेटसारखा बंदुकीला मागे रेटतो. ब्रेक हा वायू पुढे जाऊ न देता बाजूला वळवतो. म्हणून धक्क्यातला वायूचा वाटा कमी होतो, गोळीचा वाटा तसाच राहतो. .३०८ च्या काडतुसात साधारण तीन ग्रॅम दारू, मॅग्नममध्ये, म्हणजे जास्त दारूच्या काडतुसात, पाचच्या घरात. जितकी दारू जास्त तितका ब्रेकचा उपयोग जास्त. ज्यांच्याकडे बारा बोअरची छऱ्याची बंदूक आहे त्यांनी या वाटेला जाऊच नये. तिथं नळीच्या तोंडाशी दाब फार उरत नाही, ब्रेकला वळवायला काही मिळत नाही.

पहिला ब्रेक गोल, सगळीकडून भोकं असलेला, झारीच्या तोंडासारखा. बसवायला सोपा, कारण तो कसाही फिरून घट्ट झाला तरी चालतो. बसून पाच बार काढले, धक्का चांगला कमी वाटला. मग पुतण्या म्हणाला, "काका, आता आडवं पडून मारा." पहिल्याच बाराला खालच्या भोकांतून निघालेल्या वायूनं जमिनीवरची धूळ उडवून थेट चष्म्यावर आणली. गोळी कुठे लागली ते दिसलं नाही, दुसरा बार काढायला मिनिट गेलं. आमच्या शिवारात एप्रिल-मे मध्ये जमिनीवर भुकटी असते भुकटी! तिथं हा प्रकार निकामी.

दुसरा, दोन्ही बाजूंना रुंद खाचा असलेला. माशाचे कल्ले असतात ना, तसा. खालून बंद, त्यामुळे धूळ नाही. काम पहिल्यापेक्षा दुपटीनं चांगलं. खाचा किंचित मागे झुकलेल्या असल्यानं रायफल उलट पुढे ओढल्यासारखी वाटते, नळी उसळत नाही आणि दुर्बिणीतून आपली गोळी कागदावर लागताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. बारा बार काढून खांद्याला काही नाही. बसवायला मात्र हा नाजूक. खाचा बरोबर आडव्या यायला हव्यात, नाहीतर नळी एका बाजूला ढकलली जाते. त्यासाठी मागे लॉकनट असतो. आणि ब्रेक बसवला की नेम पुन्हा लावावाच लागतो. आमच्या गोळ्या शंभर यार्डांवर दोन इंच खाली आणि जरा डावीकडे सरकल्या होत्या. ब्रेक काढून ठेवला, परत लावला, असं करणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

खांद्यापुरतं पाहिलं तर इथंच पाच पैकी पाच देऊन मोकळा झालो असतो.

पण तेराव्या बाराला पुतण्या झाडत होता आणि मी त्याच्या उजव्या बाजूला, हातभर मागे उभा होतो. कानात फोमचे बोळे, वरून कान झाकणारे मफ. तरी त्या वायूचा तडाखा गालावर चापट मारल्यासारखा बसला. छातीत धप्प झालं. मागे बसून झाडताना जे मला जाणवलं नव्हतं ते बाजूच्या माणसाला मिळतं, हे त्या क्षणी कळलं. माझ्या बाजूला माळ्यावर कोण बसतं? सालदार. आणि कानात काय? काही नाही. फार तर गमछा.

आकडे सांगतो, कारण दुकानदार सांगत नाहीत. रायफलचा बार साध्या नळीतूनही दीडशेच्या वर, १५५ ते १६५ डेसिबलच्या पट्ट्यात असतो. अशा क्षणिक आवाजाला १४० ही धोक्याची रेषा धरतात. ब्रेक लावला की झाडणाऱ्याच्या आणि शेजाऱ्याच्या कानावर आणखी काही डेसिबल चढतात, कारण आवाज वायूबरोबरच बाजूला वळतो. कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आमचे आबा शेवटची पंधरा वर्षं समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायचे. घरात सगळे म्हणायचे वयामुळे. मला आता तसं वाटत नाही. त्यांनी हीच रायफल तीस वर्षं कानात काही न घालता वापरली.

घरी आल्यावर तरी एकदा चौकशी केली. .३१५ च्या नळीला आटे नसतात आणि फोरसाईट, म्हणजे नेम धरायची पुढची खूण, अगदी तोंडाजवळ बसलेली असते. म्हणजे आटे पाडायचे तर फोरसाईट हलवा, तीही परवानाधारक कारागिराकडूनच. एका शहरातल्या दुकानात गेलो (नाव लिहीत नाही). नळी हातात न घेताच तो म्हणाला, दोन दिवसांत करून देतो. मी विचारलं, आटे नळीच्या छिद्राशी एकरेषेत आहेत हे कसं तपासणार? तो म्हणाला, अंदाज असतो आम्हाला. मी रायफल पेटीत घातली आणि निघालो. ब्रेकचं छिद्र गोळीपेक्षा साधारण अर्धा मिलिमीटर मोठं असतं, म्हणजे प्रत्येक बाजूला पाव मिलिमीटर. आटे तिरके पडले तर गोळी ब्रेकच्या आतल्या भिंतीला लागते. अंदाजावर हे काम करणाऱ्याकडे कोणीही आपली बंदूक देऊ नये, मी हात जोडून सांगतो.

शेवटी काय घेतलं? कुंद्यावर, म्हणजे खांद्याला टेकतो त्या टोकावर, मोज्यासारखं चढवायचं रबरी रिकॉइल पॅड. आमच्या रायफलच्या कुंद्याला मागे लोखंडी पत्रा आहे, सगळं दुखणं तिथं होतं. पॅडनं धक्का कमी होत नाही, तो पसरतो आणि जरा सावकाश येतो. मला तेवढं पुरलं. एक अडचण: कुंदा इंचभर लांब झाला. थंडीत स्वेटर आणि वर जाकीट घातलं की खांद्याला लावताना काखेत अडकतो. माझ्यासारख्या बुटक्या माणसानं पातळ पॅड घ्यावं. पाच पैकी चार.

आणि पुतण्याकडून येताना इलेक्ट्रॉनिक मफ आणले, हॉवर्ड लाईटचे इम्पॅक्ट स्पोर्ट, एक नाही, दोन. कागदावर २२ डेसिबलची कपात. ब्रेक लावलेल्या रायफलला हे एकटे पुरणार नाहीत, खाली बोळे हवेतच. बिनब्रेकच्या नळीला, रात्रीतून एखाद-दुसऱ्या बाराला, मी त्यावर भागवतो. याची खरी गंमत अशी की बाहेरचा बारीक आवाज हे वाढवून ऐकवतात आणि मोठा आवाज झाला की तो कापतात. सालदार आधी घालायला तयार नव्हता, म्हणे काही ऐकू येणार नाही. आखाजीला त्याचं साल नवं ठरलं तेव्हा मी सांगितलं, माळ्यावर बसायचं तर हे कानावर पाहिजे. आता मक्यात पानं वाजली की माझ्याआधी त्याला कळतं, माझ्या गुडघ्यावर बोट टेकवून दिशा दाखवतो.

घेणाऱ्यांसाठी एवढं: दोन बारीक पेन्सिल सेल लागतात, आणि चार तासांनी हे आपोआप बंद होतं. रात्री दहाला माळ्यावर चढलात तर दोनच्या सुमारास बटण पुन्हा फिरवून चालू करा. डुकरं आमच्याकडे नेमकी त्यानंतरच येतात.