स्टेल्थ (लपूनछपून खेळायच्या) गेमसाठी पीसी: प्रोसेसर ५६००जी घेऊ की १२१००एफ आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड?

आधी सांग भावा, खेळणार काय? मार्क ऑफ द निंजा २०१२ची, २डी गेम, तिला लई ताकद लागत नाही. पण स्टिक्स शार्ड्स ऑफ डार्कनेस अनरिअल इंजिन ४ वरची, तिथं सावल्या आणि मशालींचा उजेड सतत चालू, ऑनबोर्ड म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सचा दम निघतो.

रायझन ५ ५६००जी मध्ये ६ कोर, १२ थ्रेड आणि व्हेगा ग्राफिक्स आतच, कार्डाचा खर्च वाचला. फक्त ते ग्राफिक्स पीसीची रॅमच वापरतं, म्हणून १६ जीबीची एक स्टिक घेऊच नको, ८-८च्या दोन घे, दुकानदार "नंतर दुसरी टाकू की" म्हणाला तरी ऐकू नको, एकाच स्टिकवर (सिंगल चॅनलवर) गेमच्या फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, धडाधड पडतात.

आय३ १२१००एफ ला ४च कोर आहेत पण असल्या गेमला पुरतात. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, कार्ड बिघडलं तर ते वॉरंटीतून परत येईपर्यंत स्क्रीन काळीच. सोबत जीटीएक्स १६५० घेतलं तर ते ७५ वॅटचं, बरीच मॉडेलं मदरबोर्डच्या स्लॉटमधल्या विजेवरच चालतात. आरएक्स ६६०० त्याहून कितीतरी दमदार, पण १३२ वॅट, विजेची वेगळी केबल, म्हणजे एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) चांगल्या कंपनीचाच पाहिजे, आणि खानापूरकडं पावसाळ्यात लाईट ये-जा करते तिथं यूपीएसही त्या हिशोबानं घ्यावा लागतो.

मला विचारशील तर निंजासाठी ५६००जी, स्टिक्ससाठी १२१००एफ आणि ६६००. कुठलंही घे, फ्रेम ६०वर लॉक कर. गार्डच्या डोक्यावरनं उडी मारताना ९०वरनं ४५वर आपटणाऱ्या फ्रेमपेक्षा एकसारख्या ६० लई बऱ्या, बटण दाबलं की कधी काय होणार ते हाताला कळतं. आणि एसएसडी पाहिजेच, पकडला गेलास की चेकपॉइंट पटकन लोड होतो. मॉनिटरचं पॅनेल आयपीएस किंवा व्हीए प्रकारचं, व्हीएत काळं जास्त काळं दिसतं पण स्वस्त व्हीएत अंधारातली हालचाल फरफटते, म्हणून मी आयपीएस म्हणेन.

आत्ता ५६००जी घेऊन नंतर कार्ड टाकायचं असेल तर आरएक्स ६५००एक्सटी टाळ. त्याला डेटा ये-जा करायच्या ४च लेन आहेत आणि ५६००जी पीसीआयई ३ पर्यंतच (कार्डाच्या स्लॉटची जुनी, हळू पिढी) जातो, तिथं कार्ड अडखळतं. ६६०० ला ८ लेन आहेत, ते चालतं.

निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, बेळगावकरांना बेळगावचंच मार्केट, बंगळुरूच्या एसपी रोडला थोडं स्वस्त मिळालं तरी वॉरंटीला पुन्हा तिकडं कोण जाणार ते आधी ठरव, आणि बिल पक्कंच घे.