सर्पदंशाचा सामायिक प्रशिक्षण संच आणि ऑफलाइन डबा: पावसाळाभर वापरल्यानंतर

साप चावलेल्या माणसावरचे उपचार वेगवेगळ्या पेशांच्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी एकत्र शिकावेत म्हणून हा संच आहे, आणि डबा म्हणजे तो इंटरनेटशिवाय फोनवर दाखवणारा छोटा संगणक. संचात काय काय आहे ते बहुतेकांना माहीत आहे: भूमिकापत्रं, छोटे व्हिडिओ, प्रसंगाधारित सराव, रेफरलचा (रुग्ण मोठ्या रुग्णालयात पाठवण्याचा) नमुना. त्यामुळे यादी देत नाही. नवी आवृत्ती आली आणि तीसुद्धा कुलूपबंद (बदल करता न येणारी) पीडीएफच निघाली, म्हणून हे लिहिणं भाग पडलं. संच चांगला आहे, म्हणूनच राग जास्त आहे.

आधी चांगलं. यातली भूमिकापत्रं हा आतापर्यंत हाती आलेल्या प्रशिक्षण साहित्यातला सर्वात उपयोगी भाग. आशाताई, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), १०८ चे डॉक्टर आणि पायलट (चालक), सिस्टर, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट, एमओ (वैद्यकीय अधिकारी) अशी प्रत्येकाला एकच पान. त्या पानाच्या उजव्या रकान्यात 'याच वेळी बाकीचे काय करत असतील' ते दिलंय, आणि सगळा फरक त्या रकान्यानं पडतो. वेगवेगळ्या पेशांच्या लोकांनी एकमेकांसोबत, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकायचं, अशी एकत्रित शिक्षणाची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या आराखड्यात आहे. 'एकमेकांविषयी' हा भाग आपल्याकडच्या प्रशिक्षणांत हमखास गळतो. सिस्टरांचं प्रशिक्षण वेगळं, टेक्निशियनचं वेगळं, फार्मासिस्टला तर बहुतेकदा बोलावणंच नाही.

उदाहरण म्हणून वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी घ्या. घोणस किंवा फुरसं चावलंय का, याचा निर्णय पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) बहुतेक वेळा हिच्यावरच होतो. साधारण २ मिली शिरेतलं रक्त, नवी, कोरडी, काचेची टेस्ट ट्यूब, खोलीच्या तापमानाला २० मिनिटं जराही न हलवता ठेवायची, मग एकदाच तिरकी करून बघायची. रक्त वाहिलं तर गोठणक्रिया बिघडली आहे. काचेच्या स्पर्शानं गोठणं सुरू होतं. म्हणून प्लास्टिकची ट्यूब चालत नाही आणि डिटर्जंटनं धुतलेली काचेचीही चालत नाही. चांगलं रक्तही त्यात पातळ राहू शकतं आणि माणसाला विनाकारण एएसव्ही (सर्पविषावरचं औषध) लागतं. हे टेक्निशियनला ठाऊक असतं. रात्री दोनला ट्यूब शोधणाऱ्या सिस्टरला ते कुणी सांगितलेलं नसतं. उलट चाचणी नॉर्मल आली तरी पापण्या मिटत असतील तर नाग किंवा मण्यार असू शकतो, हे एमओ आणि सिस्टर सांगतात, टेक्निशियन ऐकतो. एका टेबलावर दोन्ही गोष्टी झाल्या तर संच वसूल.

फार्मासिस्टच्या पानावरही असंच. एएसव्हीचा पहिला डोस १० कुप्यांचा, मूल असो वा मोठा माणूस, कारण साप वजन बघून विष सोडत नाही. दहा कुप्या एकदम का मागतात, हे स्टोअर सांभाळणाऱ्याला समजलं की रात्रीसाठी बाहेर ठेवायचा साठा आपोआप वाढतो. प्रत्येक कुपीत १० मिली डिस्टिल्ड वॉटर घालून हलकेच फिरवायची. जोरात हलवली की फेस येतो आणि वेळ जातो. शेजारी अ‍ॅड्रिनलिन भरून तयार हवं, एएसव्हीची अॅलर्जी उसळली तर.

आता राग कशावर, ते सांगतो.

पान ७ वर रक्त गोठण्याच्या चाचणीचा फोटो आहे आणि फोटोत ट्यूब प्लास्टिकची आहे. मजकुरात 'काचेची' असं ठळक छापलंय, शेजारचं चित्र नेमकं उलटं सांगतंय. बघणारा चित्र बघतो. फोटो बदलायला दोन मिनिटं पुरली असती, पण फाइल बंद. मूळ फाइल मागितली तर 'पुढच्या आवृत्तीत बघू' असं उत्तर आलं, आणि पुढच्या आवृत्तीत तोच फोटो तसाच आहे.

बरं, मजकूर तरी उचलावा तर मराठी पानं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. कॉपी केलं की नुसती खिचडी. 'घोणस' शोधा, शून्य निकाल. मोबाइलला वाचून दाखवायला सांगा, तोही गप्प. ज्या आशाताईंना वाचण्यापेक्षा ऐकणं सोयीचं, त्यांच्यासाठी अख्खा संच मुका. फॉन्ट बदलणारी कन्व्हर्टर मिळतात, पण पीडीएफमधून आलेल्या मजकुरात ती रफार आणि जोडाक्षरं मोडतात. त्यापेक्षा पानाची प्रतिमा करून ओसीआर (चित्रातली अक्षरं संगणकानं ओळखणं) करणं बरं. गूगल ड्राइव्हवर फाइल चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की मराठी मजकूर बऱ्यापैकी हाती येतो.

पण इथे खरा धोका आहे. ओसीआर दशांशचिन्ह गिळतं. अ‍ॅड्रिनलिन ०.५ मिग्रॅ याचं '०५ मिग्रॅ' होतं, म्हणजे वाचणाऱ्याला दहापट. त्यामुळे ओसीआर केलेल्या प्रत्येक पानावरचा प्रत्येक आकडा मूळ पानाशी ताडून बघायलाच हवा, तोही दोघांनी: एकानं मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं मूळ पानावर बोट ठेवून तपासायचा. जोडी फार्मासिस्ट आणि सिस्टर अशी असावी. एक कुपीवरची मात्रा ओळखतो, दुसरी सिरिंजमधली. हे सगळं श्रम कशासाठी? कुणीतरी वर्ड फाइल दिली नाही म्हणून.

परवान्याचं तेच. शेवटच्या पानावर फक्त 'सर्व हक्क राखीव'. मग सामायिक कसलं? जागतिक आरोग्य संघटनेचं साहित्य २०१६ च्या अखेरीपासून साधारणपणे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली येतं, की श्रेय देऊन, विक्री न करता, त्याच परवान्याखाली भाषांतर करता येतं. अट एवढीच की हे भाषांतर संघटनेनं केलेलं नाही आणि अचूकतेची जबाबदारी तिची नाही, हे लिहायचं आणि तिचं बोधचिन्ह वापरायचं नाही. एवढी एक ओळ संचात असती तर अहिराणी आणि पावरी या स्थानिक बोलींतले ऑडिओ उघडपणे वाटता आले असते. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे आशाताईंना नातेवाइकांशी प्रमाण मराठीत बोलून कसं चालेल? 'बांधू नका, कापू नका, चोखू नका, हातपाय हलू देऊ नका' ही चार वाक्यं घरच्या भाषेतच पोचतात. परवान्यात 'बदल नाही' अशी अट असेल तर भाषांतर करून वाटता येत नाही, हेही लक्षात ठेवा. मोफत डाउनलोड म्हणजे भाषांतराची मुभा नव्हे.

ऑफलाइन डब्याबद्दलचं मत मात्र पावसाळ्यात बदललं. मोबाइलवर फाइल पाठवता येत असताना आठ-नऊ हजारांचा रास्पबेरी पाय (छोटा संगणक), मेमरी कार्ड आणि राउटर कशाला, असं सुरुवातीला वाटत होतं. पण ग्रुपवर फिरलेल्या फाइलच्या तीन-तीन प्रती फोनमध्ये पडून राहतात, कुठलीवर तारीख नाही, आणि मोलगीच्या डोंगरपट्ट्यात पावसात रेंज गेली की नवी प्रत उतरतच नाही. डब्यावर एकच प्रत, सगळ्यांना तीच. कोलिब्री हे इंटरनेटशिवाय धडे दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर त्यावर चालतं, फोनच्या ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता आणि पुढे :८०८० टाकलं की उघडतं.

पैसे वाचवायचे तर ऑफिसात पडून असलेल्या विंडोज संगणकावरही कोलिब्री बसतं. पण विंडोजच्या हॉटस्पॉटवर एका वेळी ८ च फोन जोडता येतात, म्हणून इंटरनेट नसलेला साधा राउटर लावा आणि डब्याचा पत्ता त्यात कायमचा बांधून टाका. वायफायला इंटरनेट नाही असं दिसलं की अँड्रॉइड परत मोबाइल डेटावर पळतं. तेव्हा डेटा बंद करूनच जोडायचं. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

रास्पबेरी पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली आणि इंटरनेट नसलं की तारीख चुकते, मग कुणी कधी काय शिकलं याची नोंद बिनकामाची. डीएस३२३१ घड्याळाचा छोटा मॉड्यूल बसवा, स्वस्त आहे. अ‍ॅडॅप्टर ३ अँपिअरचाच हवा; मोबाइलच्या चार्जरवर व्होल्टेज पडतं. भारनियमनात झटक्यात वीज गेली तर मेमरी कार्ड खराब होतं, त्यामुळे भरलेल्या कार्डाची दुसरी प्रत कपाटात ठेवाच.

सत्राबद्दल एकच. मार्गदर्शकात 'चर्चा घडवा' एवढंच लिहिलंय, आणि तसं सोडलं की एमओ बोलतात, बाकीचे माना डोलावतात. पहिलं पान टेक्निशियननं किंवा आशाताईंनी वाचायचं असं आधीच ठरवून टाका. सहा ते आठ जण, किमान तीन पेशांचे, यापेक्षा मोठा गट नको. रेफरलच्या फोनचा सराव मात्र टाळू नका: आत्ताची स्थिती, मागचा घटनाक्रम, आपला अंदाज, आपली मागणी, याच क्रमानं. चावल्याची वेळ, चाचणीची वेळ, दिलेल्या कुप्या आणि लघवीचा रंग त्यात यायलाच हवा. पुढची चाचणी एएसव्हीनंतर ६ तासांनी असते. वेळ सांगितली नाही तर ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरला ती मोजता येत नाही. प्रशिक्षणासाठी कौन्सिलकडून मिळणाऱ्या क्रेडिट पॉइंटची अपेक्षा ठेवू नका, डॉक्टर, नर्स आणि फार्मासिस्ट यांच्या कौन्सिल वेगळ्या आहेत आणि संचात त्याची काहीच सोय नाही.

संच मागवणार असाल तर मागणीपत्रातच लिहून टाका: युनिकोडमधली वर्ड फाइल, फोटो आणि ऑडिओ सुट्या फाइलमध्ये, पहिल्या पानावर आवृत्तीची तारीख, शेवटच्या पानावर भाषांतराला मुभा देणारा परवाना, आणि पान ७ चा फोटो बदलून. हे मिळेपर्यंत त्या फोटोवर कागद चिकटवून त्यावर पेननं 'काचेचीच, नवी, कोरडी' असं लिहा.