हॉट टास्किंग मॅनेजर: विद्यार्थ्यांच्या स्वयंसेवेसाठी कितपत उपयोगी?

विद्यार्थ्यांना संगणकावर बसून करता येईल असं खरंखुरं स्वयंसेवेचं काम हवं असेल, तर आम्ही आधी ही मोफत वेबसाइट सुचवतो. हॉट टास्किंग मॅनेजर ही ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम (हॉट) या संस्थेची. ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे कुणालाही भर घालता येणारा जगाचा मोफत नकाशा. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या लोकांनी उपग्रहचित्रं पाहून तिथले रस्ते नकाशावर काढले आणि मदतपथकांनी तो नकाशा वापरला. त्याच वर्षी ही संस्था उभी राहिली. आजही काम तेच आहे. ज्या भागाचा धड नकाशा नाही, तिथली घरं आणि रस्ते काढायचे.

ओपनस्ट्रीटमॅपचं खातं उघडून त्यानेच लॉगिन करायचं, सोपा प्रकल्प निवडायचा आणि त्याच्या सूचना पूर्ण वाचायच्या. कोणतं उपग्रहचित्र वापरायचं, फक्त घरं काढायची की रस्तेही, हे तिथेच लिहिलेलं असतं. प्रकल्पाचा भाग चौकोनांच्या जाळीत विभागलेला असतो, मग त्यातला एक चौकोन घ्यायचा. तो १२० मिनिटं तुमच्या नावावर राहतो, तेवढ्यात दुसऱ्या कुणाला घेता येत नाही. आयडी (iD) हा नकाशा काढायचा एडिटर ब्राउझरमध्येच उघडतो. छपराच्या कडेने रेघ फिरवायची, 'क्यू' दाबून कोपरे काटकोनात आणायचे (गोल झोपडी असेल तर 'ओ'), आणि इमारतीचा टॅग, म्हणजे ही इमारत आहे असं सांगणारी खूण, लावायचा. चित्र तिरकं घेतलेलं असेल तर छप्पर पायापासून सरकलेलं दिसतं. तेव्हा छपराचा आकार काढून तो पायाच्या जागी न्यायचा. माउस हवाच, आणि मोबाइलवर हे काम करू नये.

चुका ठरलेल्या असतात. चिकटून असलेली चार घरं एकाच आकारात काढली जातात, झाडाची सावली घर समजली जाते, टॅग राहून जातो, रस्त्यांची टोकं एकमेकांना जोडलेली नसतात. सर्वांत जास्त घोळ शेवटी होतो: एडिटरमध्ये काम सेव्ह करणं आणि चौकोन जमा करणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. फक्त जमा केलं तर नकाशावर काहीच जात नाही. गूगल मॅप्सवरून काही उतरवायचं नाही, परवान्यात ते बसत नाही.

चौकोन जमा करताना साइट विचारते, हा भाग पूर्ण झाला का? अर्धवट असेल तर 'नाही' म्हणायचं. पुढचा माणूस तिथून काम उचलतो. 'नाही' म्हणण्यात कमीपणा नाही, हे मुलांना सुरुवातीलाच सांगावं, कारण खोटं 'हो' म्हटलं की उणीव तपासणीपर्यंत दडून राहते. पूर्ण म्हणून जमा झालेला चौकोन एखादा अनुभवी तपासनीस पाहतो. चुकलं असेल तर 'अजून काम हवं' असा शेरा मारून परत पाठवतो, बहुतेकदा कारणासह. आमच्या मते या साइटचं खरं मोल इथे आहे. गुण नाहीत, शिक्षा नाही. अनोळखी माणसाने दाखवलेली चूक शांतपणे वाचायची, पुन्हा चौकोन उघडायचा आणि नीट करायचं. टीका ऐकून घेण्याची ही सवय वर्गात इतकी सहज लागत नाही. चौकोनात घरं फार दाट असतील तर तो विभागून घेता येतो, म्हणजे आवाक्याबाहेरचं काम अंगावर घ्यायचं नाही हेही कळतं.

उणिवा आहेत. तपासणीला काही प्रकल्पांत फार वेळ लागतो आणि तोवर मुलांचा उत्साह ओसरतो. ज्यांच्यासाठी नकाशा काढला ती माणसं कधी भेटत नाहीत. माणसांशी बोलायला, त्यांचं ऐकून घ्यायला शिकायचं असेल तर प्रत्यक्ष सेवेला पर्याय नाही. प्रोफाइलवर दिसणारा वेळ चौकोन ताब्यात असण्याचा असतो, त्यामुळे नुसती खिडकी उघडी ठेवली तरी तो वाढतो. स्वयंसेवेचे तास देणाऱ्या शिक्षकांनी म्हणून तो आकडा सोडून योगदानाच्या पानावर तपासून मान्य झालेले चौकोन पाहावेत. 'किती घरं काढली' अशी स्पर्धा तर मुळीच लावू नये. त्यातून वेडेवाकडे आकार जमा होतात आणि ते निस्तरायला तपासनिसाला मूळ कामापेक्षा जास्त वेळ लागतो.