वर्गातली हवा मोजणारे यंत्र: जिल्हा परिषद शाळेतील अनुभव

जळगाव जिल्ह्यातील आमच्या शाळेने लोकवर्गणीतून घेतलेल्या कार्बन डायऑक्साइड मापकाविषयी हे लिहीत आहे. कोरोनामुळे मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळा ग्रामीण भागात पाचवी ते बारावीसाठी ४ ऑक्टोबर २०२१ पासून उघडल्या, तेव्हा तापमापक आणि सॅनिटायझर सर्वत्र आले. हवेचा विचार मात्र फारसा झाला नाही.

हे यंत्र विषाणू ओळखत नाही. इतरांनी उच्छ्वासातून सोडलेली हवा वर्गात किती साचली आहे, याचा ते अंदाज देते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग असते. वर्गात ते ८०० च्या पुढे गेले, की आम्ही समोरासमोरच्या खिडक्या उघडतो आणि काही मिनिटांत आकडा उतरताना मुलेच मोठ्याने वाचून दाखवतात. भौतिकशास्त्राचा इतका स्वस्त प्रयोग दुसरा नसेल.

खरेदी करताना संवेदक अवरक्त किरणांवर चालणारा, म्हणजे एनडीआयआर प्रकारचा आहे, याची खात्री करावी. स्वस्त यंत्रे इतर वायूंवरून अंदाज बांधतात आणि जवळ सॅनिटायझर चोळले तरी त्यांचा आकडा उसळतो. यंत्र खिडकीपासून आणि मुलांच्या तोंडापासून दूर ठेवावे.

खानदेशातील उन्हाळ्यात मात्र त्याची मर्यादा कळते. पारा ४४-४५ अंशांवर असताना उष्ण झळा अडवायला खिडक्या लावाव्याच लागतात आणि यंत्र केवळ तक्रार करत राहते. त्यासाठी सकाळची शाळा आणि व्हरांड्यातले वर्ग हाच उपाय. मास्क व लसीकरणाला हे यंत्र पर्याय नव्हे. तरीही दाटीवाटीचे वर्ग असलेल्या शाळांनी ते अवश्य घ्यावे.