इटलीची कला शिकायची तर आधी फ्लोरेन्स की रोम?

हाताशी आठवडाभराची सुट्टी आहे, इटलीचा इतिहास आणि कला जरा मुळापासून समजून घ्यायची हौस आहे आणि मुक्काम एकाच शहरात करायचा आहे. नुसतं बघायचंच असेल तर रोमला तोड नाही. शिकायचं असेल तर माझं मत फ्लोरेन्सला. अर्थात त्यातही ग्यानबाची मेख आहेच.

फ्लोरेन्सचा जुना भाग पायी फिरण्याएवढा, आणि गोष्ट बऱ्यापैकी क्रमाने उलगडते. सुरुवात उफिझी या प्रसिद्ध चित्रसंग्रहालयापासून नको, बार्जेल्लो या शिल्पांच्या संग्रहालयापासून करा. 1401 मध्ये बाप्तिस्म्याच्या मंदिराच्या दारासाठी स्पर्धा झाली. विषय होता इसाकचा बळी, म्हणजे देवाच्या आज्ञेवरून अब्राहम स्वतःच्या मुलाचा बळी द्यायला निघतो आणि देवदूत त्याला थांबवतो ती बायबलमधली गोष्ट. गिबर्टी आणि ब्रुनेलेस्की या दोघा कलाकारांचे ब्राँझचे नमुने बार्जेल्लोत आहेत. तोच बाप, तोच मुलगा, तीच सुरी. ब्रुनेलेस्कीचा देवदूत अब्राहमचा हात गच्च पकडतो. गिबर्टीचा वरून झेपावतो, पण हाताला शिवत नाही. काम गिबर्टीला मिळालं. त्याचं ओतकाम हलकं होतं, ब्राँझ कमी लागलं होतं, हेही व्यापाऱ्यांच्या त्या शहरात दुर्लक्षून चालणार नाही. चित्र-शिल्प बघायचं कसं, हे या दोन नमुन्यांसमोर अर्ध्या तासात जेवढं कळतं तेवढं जाड ग्रंथातून कळत नाही.

हरलेल्या ब्रुनेलेस्कीने पुढे 1420 ते 1436 मध्ये कॅथेड्रलचा घुमट उभारला, सुमारे 45 मीटर रुंदीचा, तोही खालून लाकडी आधार न देता. 463 पायऱ्या चढताना घुमटाच्या आतल्या-बाहेरच्या दोन कवचांमधून जाता येतं आणि तिरप्या रचलेल्या विटा अगदी जवळून दिसतात. गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच नमस्कार करा.

आणि हो, आपलं माणूसही इथे आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 मध्ये इंग्लंडहून परतताना याच शहरात वारले. कास्चिने उद्यानाच्या टोकाला, दोन नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे.

आता ती मेख. फ्लोरेन्स मुख्यतः प्रबोधनकाळाच्या (रेनेसाँसच्या) आसपासच्या दोन-अडीचशे वर्षांचंच बोलतं. सीझर, पोप, बरोक (प्रबोधनकाळानंतरची भपकेबाज शैली) यांचं वेड असेल तर तिथे उपाशी राहाल. सरळ रोम गाठा. रोमची अडचण उलटी आहे: एकाच जागी सगळे काळ. पँथिऑन हे रोमन देऊळ दुसऱ्या शतकातलं, आत चित्रकार राफाएलची कबर आणि एकसंध इटलीच्या पहिल्या राजाचीही. सान क्लेमेन्ते चर्चमध्ये बाराव्या शतकातून जिना उतरलात की चौथ्या शतकातलं चर्च, त्याखाली रोमन इमारत आणि मिथ्र देवाचं मंदिर. कोरी पाटी घेऊन गेलात तर गोंधळ उडेल. सनावळ्या थोड्या डोक्यात असतील तर मात्र यासारखी मजा नाही.

खिशाच्या दृष्टीने रोम उजवं. सान लुइजी देइ फ्रान्चेझी चर्चमध्ये चित्रकार कारावाज्जोची तीन चित्रं फुकट बघायला मिळतात. फ्लोरेन्सला मात्र तिकिटांवर तिकिटं निघतात. शिवाय उफिझी सोमवारी बंद.

फ्लोरेन्स ठरवलंत तरी वेगवान गाडीने रोम दीड तासावर आहे. एक दिवस काढा आणि ब्रुनेलेस्कीचा घुमट ताजा असतानाच पँथिऑनचा बघा: 43 मीटर, निव्वळ काँक्रीट, वर उघडं भोक.